पाड्याचा नंबर

आमच्या दवाखान्याच्या नोंदणीच्या प्रोग्रॅममध्ये एक चूक होती. ती माझी होती, आणि तिच्याबद्दल मी खोटं बोललो. त्या खोट्यापायी एका बाईचं काम गेलं, आणि तिच्या शब्दावरचा लोकांचा विश्वासही गेला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला आडवळणं घेता येणार नाहीत.

दवाखाना पंचवटीत आहे; धर्मादाय, डोळ्यांचा. तो माझा नाही, पण निवृत्तीनंतर रोज सकाळी तिथे जाऊन बसायची सवय लागली म्हणून ‘आमचा’ म्हणतो. त्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. नोकरी संपली आणि मी दिवसभर घरात असणं बायकोला पहिल्या आठवड्यातच जड जायला लागलं. “अहो, तुम्ही मेथी निवडलीत की पानं टाकून देठं ठेवता,” ती म्हणाली, “त्यापेक्षा कुठेतरी जात जा.” म्हणून गेलो.

दवाखान्याच्या सेविका पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जाऊन मोतीबिंदू झालेली माणसं शोधायच्या आणि नावं कागदावर लिहून आणायच्या. कागद पावसात भिजायचे, एसटीत राहायचे. मी म्हटलं, हे टॅबवर करू. पैसे घेणार नव्हतो, त्यामुळे कोणी नाही म्हणालं नाही.

प्रोग्रॅम साधा होता. नाव, वय, गाव, कोणता डोळा आणि मोबाइल नंबर एवढं भरायचं. पाड्यांवर रेंज नसते, म्हणून नोंद आधी टॅबमध्येच थांबायची. सेविका रेंजच्या जागी, बहुतेक वेळा डोंगराच्या सोंडेवर, पोचली की एक बटण दाबायची. नोंदी दवाखान्यातल्या डेटाबेसमध्ये जायच्या, हिरवी खूण यायची आणि टॅबमधली प्रत पुसली जायची. प्रत पुसण्याची कल्पना माझीच. रुग्णांची माहिती टॅबमध्ये पडून राहू नये, हा हेतू.

एकच माणूस दोनदा नोंदला जाऊ नये, अशीही सोय हवी होती. आदल्या शिबिरात एक आजोबा दोन सेविकांकडे नाव देऊन आले होते आणि त्यांच्यासाठी दोन खाटा अडून राहिल्या होत्या. कारखान्यात प्रत्येक सुट्या भागाला स्वतःचा क्रमांक असतो, तो दुसऱ्या कशाला देत नाहीत. माणसाला असा क्रमांक कुठला? आधार कार्ड लोक पेटीत ठेवून येतात. मी आमच्या घराकडे पाहिलं. मी, बायको, मुलगा, सून; ज्याचा त्याचा फोन. मग ठरवलं, मोबाइल नंबर हाच तो क्रमांक. एक नंबर, एक माणूस. त्याच नंबरावर दुसरी नोंद आली तर डेटाबेसने ती नाकारायची.

आता डेटाबेस नोंद नाकारतो तेव्हा मुकाट्याने नाकारत नाही. कारण सांगतो, इंग्रजीत आणि लांबलचक. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते लाल अक्षरांत दिसायचं. सुरुवातीला अशी अक्षरं वारंवार यायची, बहुतेक किरकोळ कारणांनी: कुणी वयाच्या जागी गाव लिहिलेलं असायचं, कुणी तारीख उलटी टाकलेली असायची. सेविका घाबरून फोन करायच्या, “सर, टॅब बिघडला.” शेवटी मोठे डॉक्टर म्हणाले, “ते लाल काढून टाका हो, बायका हात लावायला तयार नाहीत.” नीट काढायचं तर प्रत्येक कारणासाठी मराठीत एक सरळ वाक्य लिहायला हवं होतं. मी तसं केलं नाही. काहीही झालं तरी हिरवी खूण यावी, एवढं करून ठेवलं. वेळ मिळाला की व्यवस्थित करू म्हटलं. वेळ भरपूर होता, मी निवृत्त होतो.

रस्त्याकाठच्या गावांतून नावं येऊ लागली, शिबिरं सुरळीत झाली. एखाददुसरं नाव तेव्हाही गळत असणार, पण कोणाच्या लक्षात आलं नाही. दवाखान्याच्या वर्धापनदिनाला मला शाल आणि श्रीफळ मिळालं. सातपूरला इतकी वर्षं काढली, तिथे माझ्या हाताखाली बनलेल्या प्रोग्रॅमवर पगार व्हायचे, पण कोणी नारळ दिला नव्हता. मला ते आवडलं. फार आवडलं.

त्यानंतरच्या शिबिराला पहिल्यांदाच वरच्या, आतल्या एका पाड्यावरून माणसं आली. जीप भरून आली. सकाळी मी नोंदणीच्या खिडकीजवळच्या खुर्चीवर पेपर वाचत होतो. खिडकीत एक आजी होत्या, केसांना तेल लावून घट्ट बुचडा बांधलेला, सुनेच्या खांद्यावर हात.

“आजी, तुमचं नाव नाही यादीत,” कारकून म्हणाला.

“कसं नाय? ताईनं घातलंय. माझ्या म्होरं बसून घातलंय.”

“नाही ना. तुमच्या पाड्याचं एकच नाव आहे.”

ते नाव पाड्यावरच्या दुकानदाराच्या आईचं होतं. ती आत गेली. बाकीच्यांसाठी खाटा नव्हत्या, त्या दिवसापुरत्या सगळ्या भरल्या होत्या. पुढच्या शिबिराला या, असं सांगून त्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. जीपमध्ये चढताना त्या आजी मोठ्याने म्हणाल्या, “दुकानदाराच्या आईचं बरं लागलं नाव! साखर-पत्ती फुकट मिळत असंल ताईला.” सगळे हसले. एकदा कुणी अशा गोष्टीला हसलं की ती गावभर होते, हे मला कळायला हवं होतं.

‘ताई’ म्हणजे आमची त्या भागातली सेविका. बाजूच्याच पाड्यावरची सून, चाळिशीची, चालायला दणकट. आमच्याकडे सर्वांत लांबचे पाडे तिच्याकडे होते, कारण बाकीच्या तिकडे जायला कुरकुरत.

दुपारी मी परत गेलेल्या माणसांची नावं आणि फोन नंबर कारकुनाकडून घेतले आणि घरी आलो. त्याने ते सकाळी कागदावर टिपून ठेवले होते. पहिल्या ओळीत एक नंबर होता आणि खाली सगळीकडे ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं होती. मला वाटलं, घाईत लिहिलं असेल. ताईने भरलं असेल तसंच त्या आजींचं नाव त्या नंबरावर माझ्या टेबलावरून भरलं. घरात रेंज उत्तम होती. हिरवी खूण आली. डेटाबेस उघडून पाहिला. नोंद नव्हती.

पुन्हा भरलं. पुन्हा हिरवी खूण, पुन्हा काही नाही. मग मी झाकून ठेवलेली लाल अक्षरं उघडी केली आणि तिसऱ्यांदा भरलं. डेटाबेसने लगेच सांगितलं: हा नंबर आधीच आहे. बिचारा पहिल्यापासून तेच सांगत होता. मीच त्याचं तोंड बांधलं होतं.

मी तो नंबर लावला.

“दुकान,” पलीकडून आवाज आला. “कोण पाहिजे?”

“हा नंबर कोणाचा आहे?”

“पाड्याचा.”

“पाड्याचा म्हणजे?”

“म्हणजे फोन माझा, पण नंबर पाड्याचा. रेंज इथं ओट्यावरच येते. कोणाला बोलवायचं ते सांगा, हाक मारतो. वरच्या आळीचं घर असंल तर जरा दमानं करा परत.”

मी फोन ठेवला. सगळा पाडा एकच नंबर देतो. दवाखान्यात, शाळेत, रेशनला. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, तिथली ती रोजची रीत होती. ताईने सगळ्यांची नावं घातली होती. सोंडेवर जाऊन पाठवली होती. पहिलं नाव दुकानदाराच्या आईचं, कारण तिने सुरुवात दुकानापासून केली असणार. ते आत गेलं. बाकी सगळी डेटाबेसने नाकारली, माझ्या प्रोग्रॅमने हिरवी खूण दाखवली आणि टॅबमधल्या प्रतीही पुसून टाकल्या. ताईकडे दाखवायला काहीही उरलं नाही.

नंबराची ती अट काढायला मला चहा निवायच्या आत जमलं. नाव, वय आणि गाव जुळलं तर नोंद घेण्याआधी विचारायचं, अशी दुसरी अट घातली. लाल अक्षरांच्या जागी मराठी वाक्यं लिहायला मात्र सगळी संध्याकाळ गेली. बायकोने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, जरा दुरुस्ती.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी विचारलं, “सर, काय भानगड होती?”

मी म्हणालो, “रेंजचा प्रॉब्लेम. नोंदी नीट पोचल्या नव्हत्या.”

इतकंच वाक्य. मी ते ठरवून बोललो नाही, ते तयारच होतं. रेंज ही अशी गोष्ट आहे की तिच्यावर काहीही ढकलता येतं, ती कुणाची नातेवाईक नसते. पण दवाखान्यात रेंज एका माणसाची जबाबदारी होती. रेंजपर्यंत चालत जाणं हे सेविकेचं काम होतं.

“म्हणजे बाई सोंडेवर गेलीच नाही,” व्यवस्थापक म्हणाले. “घरी बसून बटण दाबलं असेल.”

मी ते तसंच राहू दिलं.

तिला पंचवटीला बोलावलं. ती सकाळच्या बसने आली, पायाला लाल माती तशीच. टॅब टेबलावर ठेवला. व्यवस्थापकांनी विचारलं, नावं कुठे आहेत? तिने टॅब उघडून दाखवला, तो रिकामा होता. ती माझ्याकडे वळली.

“काका, तुम्हीच सांगा. हिरवी खूण आली की गेलं म्हणायचं ना? तुम्हीच शिकवलंय.”

खोलीत आम्ही तिघेच होतो. खरं बोलायला त्याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही.

“साधारण तसंच,” मी म्हणालो. “पण कधी कधी रेंज अर्धवट असली की...”

“मी वर गेले होते. दगडावर उभं राहून दाबलं.”

“कोणी खोटं म्हणत नाही हो तुम्हाला,” व्यवस्थापक म्हणाले. ते तेच म्हणत होते, हे तिलाही कळलं.

तिला काढलं असं कागदोपत्री झालं नाही. तिच्याकडचे पाडे दुसऱ्या सेविकेला दिले आणि ती आपण होऊन यायची थांबली. पुढच्या शिबिराला त्या पाड्यावरून कोणी नावच दिलं नाही. ताई नावं नुसती दिखाव्याला घेते, ओळखीच्यांचीच पुढे पाठवते, असं तिकडे पक्कं झालं होतं. त्या आजींना पुढे तालुक्याच्या सरकारी शिबिरात एका डोळ्याचं ऑपरेशन करून मिळालं, हे मला उडत उडत कळलं, आणि मी त्यावर स्वतःची समजूत घालून घेतली.

अशी काही वर्षं गेली. मी रोज दवाखान्यात जात राहिलो. लोक मला सर म्हणत राहिले.

यंदा दवाखान्याने एका कंपनीकडून नवा प्रोग्रॅम करून घ्यायचं ठरवलं. माझा जुना झाला होता, मीही. कंपनीकडून एक इंजिनिअर मुलगी आली, माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी. जुनी रचना समजून घ्यायला माझ्याशेजारी बसली.

“काका, मोबाइल नंबर युनिक करून टाकते,” ती म्हणाली. “एक नंबर, एक पेशंट. नाहीतर डुप्लिकेट येत राहतील.”

मला काहीतरी सांगून ते टाळता आलं असतं. पण ‘करू नको’ म्हटलं की ती ‘का’ विचारणार, आणि कारण सांगायचं तर पाडा सांगावा लागणार. मी सांगितला. मग तिने जे विचारलं ते आजवर कोणी विचारलं नव्हतं.

“पण मग एरर आली असेल ना? सेविकेला दिसली कशी नाही?”

“मी दिसू दिली नाही,” मी म्हणालो, आणि पुढचंही सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच टाइप करायची थांबली. शेवटी एवढंच म्हणाली, “त्या बाईंना माहीत आहे का?”

मी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. “अहो सर, आता कशाला? झालं ते झालं. चूक सुधारलीत ना तुम्ही तेव्हाच?” मी म्हटलं, प्रोग्रॅममधली सुधारली. मग ते म्हणाले, तिला यायचं असेल तर पुन्हा घेऊ, तुम्ही विचारा.

पेठनाक्यावरून बस धरली. बायकोला सांगून निघालो; तिने सगळं ऐकलं आणि पोळी-भाजीचा डबा बांधून दिला. म्हणाली, “तिथे जेवायला बसू नका, आधी बोला.” घाट चढताना दोन्ही बाजूंना भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजत होते, खिडकीतून धुराचा वास येत होता.

ताई आता पाड्याच्या खाली, रस्त्याला लागून असलेल्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. परातभर तांदूळ निवडत होती.

“काका तुम्ही? रस्ता चुकले का काय?”

मी उभ्यानेच सांगितलं. तिचा हात तांदळात चालू होता.

“मला तेव्हाच वाटलं होतं, तुम्हाला ठाऊक हाय म्हणून.”

“कशावरून?”

“टॅब तुमच्या म्होरं होता. तुम्ही हात नाय लावला. ज्याला कळत नाय तो आधी उघडून बघतो.” तिने एक खडा काढून बाजूला टाकला. “बसा ना. उभे का?”

मी बसलो. दवाखान्यात परत येशील का, विचारलं.

“नाय. इथं बरं हाय. पोरं जेवली का नाय ते डोळ्यांनी दिसतं.” मग म्हणाली, “आणि मला सांगून काय करता, काका? मी वर गेले होते हे मला ठाऊकच हाय. त्यांना सांगा.” तिने मानेने पाड्याकडे खूण केली.

“चल मग, बरोबर जाऊ.”

“मी नाय येणार. मी आले तर म्हणतील, हिनंच आणला म्हाताऱ्याला पढवून.”

मी एकटाच चढलो. दुकानाच्या ओट्यावर बसून दुकानदाराला मी कोण ते सांगितलं. त्याचा चेहरा आधी उतरला, मग उजळला. त्याच्या आईवरूनही इतकी वर्षं लोक त्याला बोलत होते. त्याने ओट्याच्या कडेला उभं राहून अशी हाक मारली की वरच्या आळीतली माणसंसुद्धा खाली आली. त्या आजीही आल्या, सुनेचा हात धरून.

मी जेवढ्या सोप्या शब्दांत जमलं तेवढं सांगितलं. ताईने सगळ्यांची नावं घातली होती. माझ्या प्रोग्रॅमला एका नंबरावर एकच माणूस चालत होता, म्हणून पहिलं नाव राहिलं आणि बाकीची गेली. मला ते त्याच दिवशी कळलं होतं आणि मी बोललो नाही.

“एक नंबर तर एक माणूस?” एक जण म्हणाला. “हापसा एक हाय, सगळा पाडा पाणी भरतो. तो नाय म्हणत कधी.”

“हापशाला ह्यांच्यासारखं शिक्षण नाय ना बाबा,” दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो असतो, पण आजी हसत नव्हत्या.

“म्हंजी पोरीनं माझं नाव घातलं होतं,” त्या म्हणाल्या.

“हो आजी.”

“आणि दुकानदाराचं काय नव्हतं त्यात.”

“काही नव्हतं. नंबर सगळ्यांचा तोच होता, एवढंच.”

आजी सुनेकडे न बघता म्हणाल्या, “तिच्या पोरीच्या हळदीला मी गेले नाय. तुम्हालाबी कोणाला जाऊ दिलं नाय. मांडवात चार बाया नव्हत्या तिच्या.”

हे मला माहीत नव्हतं. खाली शाळेत ताईने मला इतकं सांगितलं, पण हे सांगितलं नाही.

“आजी, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “तुम्हाला कसं कळणार होतं?”

“तुझी तर हायेच,” त्या म्हणाल्या. “पण हळदीला मी नाय गेले, ते काय तू केलं?”

आजींनी काठी मागितली.

“आता कुठं?” सून म्हणाली.

“शाळेवर.”

“ऊन कलू द्या की. उद्या जाऊ.”

“उद्या कशाला? ती हाय ना तिथं आत्ता?”

मी उठलो. “मी येतो बरोबर.”

“तू कशाला?” आजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, घाई होती. “तुझं सांगून झालं ना? मग बस तू. चहा पी.”

सुनेचा हात धरून त्या उतरणीला लागल्या. पायवाट खडकाळ आहे, त्या काठीने आधी चाचपून मग पाऊल टाकत होत्या. ओट्यावरचे पुरुष पुन्हा आपसात बोलायला लागले, आपले सगळ्यांचे वेगवेगळे नंबर घ्यावेत का यावर. बायका मात्र बोलत नव्हत्या. त्या वळणापर्यंत आजींकडे बघत होत्या. मग त्यांच्यातली एक पदर खोचून उठली आणि खाली निघाली. तिच्या मागून दुसरी निघाली. तिसरीने दुकानदाराकडून पुडीत थोडी हळद बांधून घेतली आणि त्या दोघींना थांबा म्हणून हाक मारली.